जवळची प्रत

१९९२ साली मुंबईत जुहूच्या नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी, म्हणजे एनसीएसटी, या संस्थेतून थेट अमेरिकेतल्या व्हर्जिनियापर्यंत इंटरनेटची एक लाइन सुरू झाली. तिचा वेग सेकंदाला ६४ किलोबिट होता. पलीकडच्या टोकाला यूयूनेट ही कंपनी होती आणि अलीकडे अर्नेट, म्हणजे शिक्षण आणि संशोधन संस्थांना जोडणारं जाळं. केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या मदतीने १९८६ साली ते सुरू केलं होतं. पाच आयआयटी, बंगळूरची आयआयएससी, एनसीएसटी आणि खुद्द इलेक्ट्रॉनिक्स विभाग हे त्याचे पहिले भागीदार. देशातल्या या संस्था एकमेकींना जोडल्या होत्या त्या त्याहून बारीक, ९.६ किलोबिटच्या लाइनींनी.

या आकड्यांचा हिशोब मांडला की पुढचा सगळा इतिहास समजायला लागतो. ६४ किलोबिट म्हणजे सेकंदाला जेमतेम आठ किलोबाइट. लाइनीवर दुसरं कोणीही नसेल, तर एक मेगाबाइटची फाइल यायला दोन मिनिटांहून थोडा जास्त वेळ. दहा मेगाबाइटचा सोर्स कोड जवळपास एकवीस मिनिटांचा आणि एका सीडीत मावेल एवढा ऐवज साडेबावीस तासांचा. प्रत्यक्षात लाइनीवर इतर सगळे असायचेच, कारण सगळ्यांचं ईमेलही तिथूनच जायचं. अशात पवईच्या आयआयटीतल्या एकाने एक कंपायलर अमेरिकेहून उतरवून घेतला आणि दुसऱ्या दिवशी कानपूरच्या कोणी तोच पुन्हा मागवला, तर त्याच महागड्या वाटेवरून तेच बिट दुसऱ्यांदा येणार. एकदा आलेली फाइल अलीकडेच ठेवून सगळ्यांना तिथून द्यावी, ही कल्पना अशा अडचणीतून जगात ठिकठिकाणी सुचली. त्या प्रतीला सगळे मिरर म्हणू लागले.

त्या काळी फाइली वाटायचं साधन म्हणजे अनॉनिमस एफटीपी. समोरच्या सर्व्हरला जोडून घ्यायचं, नाव विचारलं की ‘अनॉनिमस’ लिहायचं आणि पासवर्डच्या जागी शिष्टाचार म्हणून स्वतःचा ईमेल पत्ता द्यायचा. तो खरा आहे की खोटा, हे सहसा कोणी तपासत नसे. आत गेल्यावर ‘पब’ नावाची डिरेक्टरी, तिच्यात सार्वजनिक फाइली आणि वाचायला एक ‘रीडमी’. बऱ्याच सर्व्हरवर दारातच विनंती असायची: आमच्या कामाच्या वेळात मोठ्या फाइली नेऊ नका आणि तुमच्या देशात मिरर असेल तर तिकडे जा. ही सौजन्याची व्यवस्था होती. सर्व्हर चालवणारी विद्यापीठं त्याचे पैसे घेत नव्हती आणि पाहुण्यांनी समजून वागावं एवढीच त्यांची अपेक्षा होती. कुठल्या सर्व्हरवर काय आहे हे शोधायलाही १९९० मध्ये एक सोय झाली. मूळच्या बार्बाडोसच्या अॅलन एमटाज यांनी मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात आर्ची तयार केली. ती एफटीपी सर्व्हरांच्या याद्या गोळा करून ठेवायची आणि फाइलचं नाव विचारलं की ती कुठे कुठे मिळेल ते सांगायची. एकच फाइल दहा ठिकाणी असेल तर दहाही पत्ते यायचे. त्यांतला जवळचा पत्ता निवडण्याची सवय लोकांना अशी लागली.

लिनक्सची सुरुवातही याच व्यवस्थेत झाली. सप्टेंबर १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्सने आपल्या नव्या कर्नलचा पहिला कोड फिनलंडच्या फुनेट जाळ्यातल्या सर्व्हरवर ठेवायला दिला. त्याच्या मनातलं नाव ‘फ्रीक्स’ होतं. सर्व्हर सांभाळणाऱ्या आरी लेमके यांनी मात्र डिरेक्टरीला ‘लिनक्स’ नाव दिलं आणि तेच पुढे टिकलं. अमेरिकेत ती फाइल आणायची म्हणजे अटलांटिक ओलांडणारी लाइन अडवणं. म्हणून एमआयटीतल्या थिओडोर चो यांनी आपल्याकडच्या एका मशिनवर तिची प्रत ठेवली. उत्तर अमेरिकेतली लिनक्सची ती पहिली एफटीपी साइट. पाठोपाठ नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात सनसाइट सुरू झालं आणि १९९२ नंतर लिनक्सच्या कित्येक वापरकर्त्यांना तोच पत्ता पाठ झाला.

मिररचा दुसरा उपयोग तेवढाच मोठा होता आणि तो सिमटेलच्या गोष्टीत दिसतो. न्यू मेक्सिकोतल्या व्हाइट सँड्स या लष्करी क्षेपणास्त्र तळावरच्या एका डेकसिस्टिम-२० संगणकावर डॉसपासून इतर अनेक प्रणालींपर्यंतच्या मोफत सॉफ्टवेअरचा मोठा साठा होता. १९९३ मध्ये तो संगणक बंद झाला. साठा मात्र नाहीसा झाला नाही, कारण सेंट लुइसमधल्या वॉशिंग्टन विद्यापीठाच्या सर्व्हरवर त्याचा मिरर होता आणि वॉलनट क्रीक नावाची कंपनी तोच माल सीडीवर भरून विकत होती. वेळ वाचावा म्हणून ठेवलेल्या प्रतींनी अख्खं भांडार वाचवलं.

पण प्रत एकदा काढणं सोपं. ती मुळाबरोबर रोज जुळती ठेवायची म्हटलं की कष्ट सुरू होतात. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमधल्या ली मॅक्लॉक्लिन यांनी नव्वदीच्या सुरुवातीला पर्ल भाषेत ‘मिरर’ नावाचाच प्रोग्राम लिहिला. तो मूळ सर्व्हरवरून डिरेक्टरींची यादी मागवायचा, तारीख आणि आकार आपल्याकडच्या फाइलींशी ताडून पाहायचा, जे वेगळं दिसेल ते आणायचा आणि तिकडे जे पुसलं गेलं ते इकडेही पुसायचा. रात्री क्रॉनमधून, म्हणजे ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या सोयीतून, तो सुरू करून दिला की अॅडमिनला घरी जाता येई. मिररच्या कामातलं हे सुरुवातीचं खरं ऑटोमेशन म्हणायला हवं. त्यातही एक घोर होताच. मूळ सर्व्हरने काही कारणाने रिकामी यादी पाठवली, तर तिकडे सगळं पुसलं गेलंय असं समजून हा बिचारा प्रोग्राम इकडचा पूर्ण साठा साफ करू शकतो. म्हणूनच ‘एका फेरीत अमुक टक्क्यांहून जास्त फाइली पुसायच्या नाहीत’ अशी मर्यादा अशा साधनांत असते. अशी प्रत्येक मर्यादा कुणाच्या तरी वाया गेलेल्या रात्रीची आठवण असते.

यापुढची मोठी झेप ऑस्ट्रेलियातून आली. कॅनबेराच्या ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीत अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरस यांनी जून १९९६ मध्ये आरसिंक जाहीर केलं. ऑस्ट्रेलियाही उर्वरित जगाला महागड्या समुद्रापारच्या लाइनींनी जोडलेला होता, तेव्हा कमीत कमी बाइट आणून प्रत ताजी ठेवण्याची गरज तिथे तीव्र असणं स्वाभाविक होतं. प्रश्न असा: एका मोठ्या फाइलची जुनी प्रत माझ्याकडे आहे, नवी तुमच्याकडे. दोन्हींत फरक थोडाच आहे, पण कुठे आहे ते दोघांनाही ठाऊक नाही, कारण दोन्ही प्रती एका ठिकाणी नाहीत. अख्खी फाइल न पाठवता फरक कसा शोधायचा?

ट्रिजेल यांचं उत्तर आजही वाचताना आनंद देतं. मी माझ्या जुन्या फाइलचे ठरावीक मापाचे तुकडे पाडतो आणि प्रत्येक तुकड्याचे दोन ठसे काढून तुम्हाला पाठवतो. एक झटपट निघणारा पण कच्चा, दुसरा काढायला जड पण पक्का. तुम्ही तुमच्या नव्या फाइलवर त्याच मापाची खिडकी ठेवता आणि ती एकेक बाइट पुढे सरकवत नेता. कच्च्या ठशाची खुबी अशी की खिडकी एक बाइट सरकली की तो नव्याने काढावा लागत नाही. मागे सुटलेला बाइट वजा करायचा, नवा मिळवायचा, झालं. कच्चा ठसा जुळला तरच पक्का तपासायचा. दोन्ही जुळले तर ‘तुझा सातवा तुकडा इथे लाव’ एवढंच कळवायचं. जे कशाशीच जुळत नाही तेवढंच प्रत्यक्ष पाठवायचं. फाइलच्या सुरुवातीला एक ओळ घुसली आणि पुढचं सगळं सरकलं तरी ही युक्ती चुकत नाही, कारण खिडकी कुठूनही जुळू शकते. १९९९ च्या पीएचडी प्रबंधात ट्रिजेल यांनी हे सविस्तर मांडलं. तोवर आरसिंकने मिररच्या जगात ठाण मांडलं होतं.

वेबची पानं आली तेव्हा कामाची जात बदलली. एफटीपीत यादी मिळायची, वेबवर ती मिळत नाही. एक पान उघडायचं, त्यातले दुवे वाचायचे आणि त्यांच्या मागे जायचं, एवढाच मार्ग. क्रोएशियाच्या हर्वोये निकशिच यांनी १९९६ मध्ये लिहिलेलं डब्ल्यूगेट हेच करतं. पानं, चित्रं, स्टाइलशीट सगळं आणतं आणि शेवटी पानांतले दुवे असे बदलतं की ते मूळ साइटऐवजी शेजारच्या फाइलीकडे नेतील. ज्यांनी हे करून पाहिलंय त्यांना यातला सापळा माहीत असतो. साइटवर एखादं कॅलेंडर असलं आणि त्यात ‘पुढचा महिना’ असा दुवा असला, की प्रोग्राम महिन्यांमागून महिने उतरवत कुठल्या कुठे निघून जातो. हजारो पानं जमतात आणि सगळी रिकामी. म्हणून स्थिर मजकूर, म्हणजे एकदा लिहून ठेवलेली आणि सर्वांना सारखीच दिसणारी पानं, मिररसाठी सर्वांत चांगली. पुस्तिका, नियमावल्या, व्याख्यानांच्या टिपणांची पानं, सॉफ्टवेअरची कागदपत्रं या सगळ्याला मिरर मानवतो. लॉगइन करून दिसणारं आणि दर क्षणी बदलणारं पान कॉपी करता येतं, पण ती कॉपी मेलेली असते.

भारतात १५ ऑगस्ट १९९५ रोजी व्हीएसएनएलने सर्वसामान्यांना इंटरनेट खुलं केलं. मोडेमचा वेग तोच ९.६ किलोबिट आणि फोनचं मीटर वेगळं पळणारं. अशा जोडणीवरून लिनक्स उतरवणं विद्यार्थ्याच्या आवाक्याबाहेरचं होतं. १९९६ मध्ये पीसीक्वेस्ट मासिकाने अंकाबरोबर लिनक्सची सीडी दिली. त्या काळच्या अनेकांचा लिनक्सशी पहिला परिचय तिथे झाला. सीडी हाही मिररच, फक्त टपालाने येणारा. मित्राकडून मित्राकडे जात, घासून खरवडत ती प्रत किती जणांकडे फिरली याचा हिशोब कोणी ठेवला नाही. पुढे संस्थांची जोडणी सुधारली तसे आपल्याकडेही मिरर उभे राहिले. आयआयटी कानपूरच्या संगणकशास्त्र विभागाचा मिरर वर्षानुवर्षं लिनक्स वापरणाऱ्यांच्या ओळखीचा होता.

मिरर वाढले तसा एक बारीक दोष ठळक झाला: अर्धवट ताजी प्रत. डेबियनसारख्या लिनक्स वितरणाच्या प्रकल्पात हजारो पॅकेजं असतात आणि त्यांची सूची वेगळ्या फाइलींत. सिंक, म्हणजे प्रत मुळाशी जुळवणं, चालू असताना सूची आधी आली आणि पॅकेजं मागाहून, तर मधल्या वेळात येणाऱ्याला सूचीत नाव दिसतं आणि फाइल सापडत नाही. डेबियनच्या मिरर स्क्रिप्टने यावर काढलेला तोडगा साधा आणि पक्का आहे. पहिल्या फेरीत फक्त पॅकेजं आणायची, जुनं काही पुसायचं नाही. दुसऱ्या फेरीत सूच्या आणायच्या आणि मग जुनं काढायचं. शिवाय वरच्या, म्हणजे प्रत देणाऱ्या, सर्व्हरवर नवं काही आलं की तोच एसएसएच या सुरक्षित जोडणीवरून खालच्याला, म्हणजे प्रत घेणाऱ्याला, उठवतो. खालच्याने तासातासाला विचारत बसायला नको.

प्रत खरी राहण्याचा आणखी एक अर्थ नोव्हेंबर २०१० मध्ये कळला. प्रोएफटीपीडी या एफटीपी सर्व्हरच्या मुख्य वितरण मशिनमध्ये कोणी घुसलं आणि सोर्स कोडमध्ये चोरदरवाजा टाकून ती फाइल तिथे ठेवली. मिररांनी आपलं काम चोख केलं आणि आरसिंकने ती विषारी फाइल जगभर पोहोचवली. मिररवरच्या फाइलवर विश्वास ठेवायचा तो कोणाच्या भरवशावर, या प्रश्नाचं उत्तर सही हे आहे. मूळ प्रकल्प आपल्या खाजगी किल्लीने सही करतो आणि घेणाऱ्याच्या संगणकावर ती तपासली जाते. डेबियनमध्ये ही तपासणी प्रणालीतच बसवलेली आहे. त्यामुळे मधला मिरर कोणाचाही असला तरी चालतो. अनोळखी माणसांच्या सेवाभावावर एवढी मोठी व्यवस्था विश्वासाने चालू शकते ती या सहीमुळे.

आता हे मिरर सांभाळणाऱ्या माणसाकडे वळू. मिरर चालवायचा म्हणजे डिस्कची विभागणी, सिंकसाठी वेगळा युजर, वेब सर्व्हरची फाइल, क्रॉनची ओळ, एकाच वेळी दोन सिंक सुरू होऊ नयेत म्हणून लॉक, लॉग फिरवणं, डिस्क भरत आली की मेल. एकेक गोष्ट किरकोळ, पण सगळ्या मिळून एका माणसाच्या डोक्यात असायच्या. तो नोकरी बदलून गेला किंवा विद्यार्थी म्हणून पास होऊन निघाला की पुढच्याला काहीच कळत नसे. डिस्क जळाली तर डेटा पुन्हा आणता येतो, तो तर मूळ सर्व्हरवर पडलेलाच आहे. सर्व्हर कसा लावला होता ते कुठून आणणार? कित्येक मिरर अशा तऱ्हेने शांतपणे बंद पडले आणि त्यांचे पत्ते याद्यांमध्ये तसेच राहिले.

ऑस्लो विद्यापीठात संशोधन करणारे मार्क बर्जेस यांना अशाच वैतागाने ग्रासलं होतं. त्यांच्याकडे वेगवेगळ्या जातींचे युनिक्स होते आणि प्रत्येकासाठी ‘हे असेल तर हे, ते असेल तर ते’ अशा अटींनी भरलेल्या स्क्रिप्ट. १९९३ मध्ये त्यांनी सीएफइंजिन लिहिलं. त्यातली मूळ कल्पना अशी की मशिनला काय करायचं ते सांगण्याऐवजी शेवटी ते कसं दिसायला हवं ते लिहायचं. ही डिरेक्टरी असावी, या मालकीची असावी, ही ओळ या फाइलमध्ये असावी. प्रोग्राम पाहतो, कमी असेल तेवढं करतो, आणि सगळं जागेवर असेल तर काहीच करत नाही. तोच प्रोग्राम दहा वेळा चालवला तरी बिघडत नाही. साध्या स्क्रिप्टचं तसं नसतं. ती अर्ध्यात तुटली आणि पुन्हा चालवली की क्रॉनमध्ये तीच ओळ दोनदा पडते आणि रात्री दोन सिंक एकमेकांच्या अंगावर येतात. सीएफइंजिन वापरून अनुभव घेतलेल्या ल्यूक केनीस यांनी २००५ मध्ये पपेट आणलं. २०१२ मध्ये मायकल डीहान यांचं अॅन्सिबल आलं. त्याची सोय अशी की समोरच्या मशिनवर आधी कुठला खास प्रोग्राम बसवून ठेवावा लागत नाही. एसएसएच आणि पायथन असलं की भागतं.

अॅन्सिबलची एखादी प्लेबुक फाइल उघडून पाहिली तर ती जवळपास कामांच्या यादीसारखी वाचता येते. ‘एनजिनएक्स हा वेब सर्व्हर बसवलेला असावा’, ‘मिरर नावाचा युजर असावा’, ‘वेब सर्व्हरची फाइल या ठिकाणी असावी, हिच्यात बदल झाला तर सर्व्हर पुन्हा लोड करावा’. वर्षभराने येणाऱ्या नव्या माणसाला ती वाचून सर्व्हर समजतो. ही यादी गिटमध्ये ठेवली की कोणी केव्हा काय बदललं तेही राहतं. स्थिर मजकुराच्या मिररला हे फार चांगलं जमतं, कारण त्याच्यामागे डेटाबेस नाही, सांभाळायची जिवंत अवस्था नाही. रिकाम्या मशिनवर प्लेबुक चालवा, सिंक होऊ द्या, मिरर उभा. मिरर सांभाळणाऱ्या जुन्या माणसांच्या डोक्यातलं ज्ञान असं लिहून ठेवलं जाणं, हा या साऱ्या इतिहासातला सर्वांत मोलाचा टप्पा आहे. आरसिंकचं कौतुक पुष्कळ झालं. याचं तेवढं होत नाही आणि व्हायला हवं.

पैसेवाल्या कंपन्यांनी तोवर हीच कल्पना धंदा म्हणून नेली होती. या धंद्याची सुरुवात एमआयटीतल्या टॉम लेटन आणि डॅनियल लेविन यांनी १९९८ मध्ये स्थापलेल्या अकामाईपासून होते. जवळची प्रत आता न मागता पुढ्यात येते; शहरांत राहणाऱ्यांना आज मिररची आठवणही येत नाही, त्याचं हे कारण.

जिथे लाइनच नाही तिथे मात्र ती आठवण ताजी आहे. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात क्लिफ मिसेन यांनी आफ्रिकेतल्या विद्यापीठांसाठी ई-ग्रॅनरी हा प्रकल्प चालवला. परवानगी घेऊन हजारो साइटींच्या प्रती एका मोठ्या डिस्कवर भरायच्या आणि ती डिस्क विद्यापीठाच्या जाळ्यात जोडायची. २००७ मध्ये इमॅन्युएल एंगेलहार्ट आणि रेनो गोदँ यांनी किविक्स सुरू केलं. ते अख्खा विकिपीडिया एका झिम फाइलमध्ये बांधतं. चित्रांसकट इंग्रजी विकिपीडिया शंभर जीबीच्या आसपास भरतो, मराठी त्याच्या तुलनेत कितीतरी लहान. त्याच वर्षी रायगड जिल्ह्यातल्या खैरातच्या छोट्याशा शाळेत ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’चा भारतातला प्रयोग झाला आणि मुलांच्या हातात ते हिरवे-पांढरे लॅपटॉप आले. या लॅपटॉपांसाठी शाळेत एक सर्व्हर असावा, त्यात पुस्तकं आणि पानं भरलेली असावीत, अशी योजना जगभर होती. हे शाळेचे सर्व्हर बसवणं किचकट होतं आणि ते करणारे बहुतेक स्वयंसेवक. पुढे त्यांच्यातल्याच काहींनी ‘स्कूल सर्व्हर कम्युनिटी एडिशन’ हाती घेतली आणि बसवण्याचं काम अॅन्सिबलवर नेलं. तेच आज ‘इंटरनेट-इन-अ-बॉक्स’ या नावाने चालतं. रास्पबेरी पाय या छोट्याशा संगणकावर एक फाइल भरायची, काय हवं काय नको ते तिच्यात लिहायचं आणि प्लेबुक सुरू करून द्यायचं. मशिन स्वतःचं वायफाय तयार करतं आणि शाळेतल्या फोनवर ‘बॉक्स’ असा पत्ता टाकला की विकिपीडिया उघडतो, पलीकडे इंटरनेट असो वा नसो.

यातल्या दोन अडचणी अजून पुरत्या सुटलेल्या नाहीत. पूर्वी प्रॉक्सीच्या मदतीने जुन्याच पत्त्यावर जवळची प्रत देता यायची. वेब एचटीटीपीएसवर गेल्यापासून शाळेतलं हे खोकं मूळ साइटचं नाव घेऊ शकत नाही, कारण ब्राउझर प्रमाणपत्र मागतो. म्हणून प्रत तिच्या वेगळ्या पत्त्यावर ठेवावी लागते आणि ती वापरायला शिक्षकांना आणि मुलांना शिकवावं लागतं. दुसरी अडचण ताजेपणाची. झिम फाइलची नवी आवृत्ती आली की बहुधा ती सगळीच्या सगळी पुन्हा उतरवावी लागते. आरसिंकने सोडवलेला प्रश्न तिथे पुन्हा उभा राहतो, कारण सगळं दाबून एकत्र बांधलेल्या फाइलमध्ये थोडा बदलही बरेच बाइट बदलून टाकू शकतो आणि जुळणारे तुकडे फारसे सापडत नाहीत. त्यामुळे चांगली जोडणी असलेल्या जागी नवी फाइल उतरवायची, पेन ड्राइव्हवर किंवा हार्ड डिस्कवर घ्यायची आणि शाळेत जाऊन खोक्यात भरायची, हाच अनेक ठिकाणचा रिवाज आहे.